दर्यापूर तालुक्यातला समुद्र

आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहा केला तर दूध फाटतं, साबण लावला तर फेस येत नाही, आणि माठ महिनाभर वापरला की त्याच्या पाठीवर पांढरं मीठ चढतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोल्याकडून दर्यापूरपर्यंत, जमिनीखाली असंच पाणी आहे. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. वर काळीशार जमीन, पावसाच्या भरवशावर कापूस-ज्वारी झकास; पण विहिरीच्या पाण्यावर एक गुलाब जगवून दाखवा. प्यायचं पाणी आम्ही नदीच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं भरून आणायचो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. यात तक्रार करण्यासारखं काही आहे हे मला तेविसाव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं. ते मला मुलींच्या बापांनी सांगितलं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि कारभार नागपूरहून चालायचा. मी अमरावतीला राहून मॅट्रिक झालो होतो, परत येऊन बाबांबरोबर शेती बघत होतो, आणि स्वतःला बराच शहाणा समजत होतो. सोयरिकी येत. पाहुणे वावर बघून खूश होत, बैल बघून खूश होत, मला बघून निदान नाराज होत नसत. मग कुणीतरी विहिरीवर हातपाय धुवायला जाई, सहज चूळ भरी, आणि परत येऊन बैलगाडी जुंपायला सांगे. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेनंतर बाबांनी माझ्या लग्नाचा विषयच काढायचा सोडला.

चौथी सोयरीक मोर्शीकडची. तिथलं पाणी गोड, माती हलकी, बागाईत घर. संत्र्याची बाग होती, आणि शिवाय शेवंती, गुलाब, झेंडू लावून अमरावतीच्या बाजारात पाठवायचा त्यांचा पिढीजात धंदा. मुलीला आई नव्हती, आत्यानं वाढवलेली. माझ्या मायचा एक चुलतभाऊ तिकडे राहायचा, मी त्याला मामा म्हणायचो, तो मध्यस्थ होता.

खरं सांगायचं तर ही सोयरीक मामानं आणलेली नव्हती, मी मामाच्या मागे लागून आणवली होती. अमरावतीला एका लग्नात मी त्या मुलीला पाहिलं होतं. ती पंगतीत वाढत होती. वांग्याची भाजी अळणी होती म्हणून मी मीठ मागितलं. वाढताना शेजारच्यानं तिला माझं गाव सांगितलं. ती मिठाचं ताट घेऊन थांबली आणि म्हणाली, "तुमच्या गावाले मीठ कमी पडते का?"

अख्खी पंगत हसली. मीही हसलो, पण घास गिळायचं विसरलो. त्या दिवसापासून मला दुसरी कुठलीच मुलगी नको होती, आणि हे घरात सांगायची सोय नव्हती.

मामा निरोप घेऊन आला तो चैत्रात. घोंगडीवर बसून त्यानं आधी गुळाचा खडा खाल्ला, मग पाणी प्यायला, मग म्हणाला, "त्यायची एक अट हाय. पोरगी फुलात वाढली. माघात ते पाहाले येतीन. आंगनात फुललेली झाडं दिसली तं होय, नाही तं नाही. अन् कन्हेर चालनार नाही, कन्हेर तं कुठीबी येते."

माय म्हणाली, "मंग सरळ नाही म्हना नं."

बाबांनी अंगणाकडे पाहिलं. आमच्या अंगणात उन्हाळ्यात एकच गोष्ट फुलायची, ती म्हणजे मीठ. सकाळी उठून बघावं तर जमिनीवर पांढरा थर आलेला असायचा, आणि आम्ही खरंच म्हणायचो, "आज लय फुललं."

मी कामाला लागलो. मोर्शीहून संत्र्याचं कलम आणलं, त्यानं पंधरा दिवसांत मान टाकली. अमरावतीहून मोगरा आणला, त्याची पानं कडेनं जळत गेली, जणू कुणी विडी टेकवली. गुलाबानं तर गाडीतून उतरतानाच ओळखलं असावं. माय ते वाळके बुंधे चुलीत घालायची आणि दर वेळी मला ऐकू जाईल असं म्हणायची, "चांगलं जळते."

मग ज्येष्ठात मी काही कामासाठी अमरावतीला गेलो असताना वाचनालयात एका वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. मुंबईकडची रोपवाटिका होती. 'खारी जमीन, खारे पाणी, खारा वारा यांस न जुमानणारी शोभेची व फुलांची झाडे.' मला वाटलं, हा माणूस आमच्याच विहिरीचं पाणी पिऊन बसलाय. तिथंच बसून पत्र लिहिलं. आमच्याकडे विहिरी खाऱ्या आहेत, जमिनीवर मीठ येतं, अंगण मोठं आहे, फुलं माघात हवीत. खाली पत्ता घातला, तालुका दर्यापूर.

उत्तर आठवड्याभरात आलं. अक्षर मोत्यासारखं. "आपल्या तालुक्याच्या नावावरूनच स्थानाची कल्पना आली," असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. दर्या म्हणजे समुद्र, हे त्यांचं गणित. आणि वऱ्हाड कुठं आहे याचा नकाशा बघायची त्यांना गरज वाटली नसावी. पुढे त्यांनी प्रश्न विचारले होते. समुद्र घरापासून किती अंतरावर आहे? भरतीचं पाणी कुंपणापर्यंत येतं का? वारा कोणत्या दिशेचा? वाळू पुरेशी आहे का? आणि सर्वांत शेवटी, माल गलबतानं पाठवायचा झाल्यास जवळचं बंदर कोणतं?

आता एखाद्या सरळ माणसानं काय केलं असतं? त्यांचा गैरसमज दूर केला असता. मीही करणार होतो. पण मला भीती वाटली की इथं समुद्र नाही असं कळलं तर हा माणूस म्हणेल, मग तुम्हाला माझी झाडं कशाला? म्हणून मी एकाही ठिकाणी खोटं न बोलता उत्तर दिलं. समुद्र आमच्या घरून दिसत नाही. पाणी कुंपणापर्यंत आषाढ-श्रावणात येतं. वारा पश्चिमेचा. वाळू हवी तेवढी आहे. बंदराची सोय बरी नाही, तरी माल रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून छोट्या गाडीनं दर्यापूरच्या बनोसा स्टेशनवर पाठवावा. पाणी पूर्णेच्या पुराचं होतं, पण पाचही उत्तरं खरी होती, आणि पाचही मिळून एक मोठं खोटं होतं. पत्र टाकताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यांनी जे चार पानी पत्र पाठवलं ते मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. माणूस जाणता होता. झाड निवडताना फूल बघू नका, पान बघा, असं त्यांनी लिहिलं होतं. पान जाड, मेणचट, चकाकणारं असेल, किंवा सुईसारखं बारीक असेल, तर ते मीठ सोसेल. पातळ आणि रुंद पानाच्या नादी लागू नका. एकट्यानं झाड लावू नका, ओळी करा. वाऱ्याच्या तोंडी सुरूची झाडं, त्यांच्या आडोशाला उंडी आणि केवडा, त्यांच्या मागे पांढरा चाफा आणि बोगनवेल, आणि वाळूवर पसरायला मर्यादवेल. ही वेल जिथवर असते तिथवर समुद्र येतो आणि तिथं थांबतो, म्हणून ते नाव, अशीही माहिती होती. आणि मुख्य म्हणजे मूळ कधी चिकण मातीत ठेवू नका. कमरेएवढा वाळूचा ओटा करा, म्हणजे पावसानं मीठ खाली धुऊन जाईल. नारळाला मासळीचं खत घाला, "ते आपल्याकडे मुबलक असेलच."

नारळाचं नाव ऐकून माय पहिल्यांदा हसली. पूजेचा नारळ अंगणातला, ही कल्पना तिला आवडली. मासळीचं खत मी तिला वाचून दाखवलं नाही.

त्याच दिवशी मी गावभर पानं चिमटीत धरून बघत फिरलो. तशा पानांच्या सापडल्या त्या फक्त देवळाजवळच्या कण्हेरी आणि एक बाभूळ. मुंबईच्या माणसाचा नियम बरोबर होता, यानं माझा विश्वास आणखी वाढला.

मग पाऊस लागायच्या आत आम्ही पूर्णेची वाळू वाहिली. आम्ही म्हणजे मी. बाबा म्हणाले, बैल घे, गाडी घे, मला यात घेऊ नको. नदीतून गाडी भरायची, चढावर बैलांना शिव्या द्यायच्या, अंगणात रिकामी करायची, परत जायचं. हाताची सालटं निघाली. अंगणाच्या पश्चिमेला कमरेएवढा लांबलचक ओटा झाला. काळ्या मातीच्या गावात ती पांढुरकी वाळू इतकी विचित्र दिसायची की जाणारा-येणारा थांबायचा. विचारलं तर मी गंभीरपणे सांगायचो, "समुद्राची झाडं येऊन राहिली."

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय उरला नाही. पारावर बसलेले म्हातारे मला हाक मारून विचारत, "समुद्र कवा येते मंग? आमी धोतरं वर करून ठेवतो." बायका नदीवर जाताना म्हणत, समुद्रावरून जाऊन येतो. कुणी वाळूत शिंपला आणून ठेवला. हसायचे ते हसोत, मी म्हणायचो. पण घरात आल्यावर मला चिडायला व्हायचं, आणि चिडून मी आणखी एक खेप आणायचो.

श्रावणात रोपं बनोसा स्टेशनवर उतरली. गवतात गुंडाळलेली, ओली, जिवंत. स्टेशनवरच्या माणसानं केवड्याला हात लावला आणि काटे टोचल्यावर मला विचारलं, "हे कायच्यासाठी मांगवलं, कुंपनासाठी?" मी गाडी भरली.

पावसाळाभर सगळं मजेत होतं. वाळूनं खरंच काम केलं. सुरू उंच झाला, उंडीनं जाड चकचकीत पानं टाकली, मर्यादवेल ओट्यावरून लोळत खाली आली. आपण एक शास्त्र शोधून काढलं आहे असं मला वाटू लागलं, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना मी पानाच्या जाडीवर व्याख्यानं दिली. ती त्यांनी ऐकून घेतली, कारण त्यांना दुसरं काम नव्हतं.

पण मुंबईच्या गृहस्थांनी एक गोष्ट लिहिली नव्हती, आणि मीही पुन्हा विचारली नव्हती. झाड जगणं वेगळं आणि माघात फुलणं वेगळं. हिवाळा आला तसा चाफ्यानं एकेक करून सगळी पानं गाळली आणि तो नुसत्या जाड्या बोटांसारखा उभा राहिला. बोगनवेल बकरीनं खाल्ली. केवड्याला काटेच काटे. नारळाचे शेंडे तपकिरी झाले, आणि माय त्याच्याकडे बघणं टाळू लागली. सुरूला फूल येतं का हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामाचा निरोप आला, माघी पौर्णिमेच्या आधी तीन दिवस मुलीचे वडील आणि आत्या येणार. निरोप आला त्या दिवशी अंगणात एकही फूल नव्हतं.

मला खरंच रडू येत होतं. वर्षभराची मेहनत, गावाचं हसणं, हे एक वेळ सोसलं असतं. पण ती कुणा दुसऱ्याच्या घरी जाईल आणि तिथल्या पंगतीत कुणाला तरी मिठावरून बोलेल, हे मला सोसवेना.

तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला. ही झाडं मोर्शीच्या माणसांनी कधी पाहिलेली नाहीत. या झाडांना कोणतं फूल लागतं हे त्यांना काय ठाऊक? आदल्या दिवशी मी अमरावतीला गेलो, बाजारातून शेवंतीच्या आणि गुलाबाच्या जुड्या आणल्या, आणि पाहुण्यांच्या दिवशी सकाळी एकेक फूल झाडांना बांधलं. शेवंती सुरूला आणि चाफ्याच्या उघड्या फांद्यांना, गुलाब केवड्याला. बांधायला जुड्यांचाच केळीचा धागा वापरला. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मी आज वावरात जातो." पण गेले नाहीत.

पाहुणे आले. मुलीचे वडील शांत, कमी बोलणारे. आत्या साठीची, काटक, कपाळाला मोठं कुंकू, आणि डोळे असे की सगळं बघतात आणि काही बघितलं नाही असं दाखवतात. चहापाणी झालं, अर्थात नदीच्या पाण्याचं. मग आत्या म्हणाली, "चाल पोरा, बाग दाखव."

मी तिला ओट्यापाशी नेलं. तिनं सुरूच्या फांदीवरची शेवंती पाहिली.

"याले काय म्हनतात?"

"सुरू, आत्याबाई. समुद्राकाठचं झाड हाय."

"याले शेवंती लागते?"

"समुद्राकडे लागते."

"वास बी शेवंतीचाच हाय," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. मग केवड्यापाशी गेली, चाफ्यापाशी गेली, प्रत्येकाचं नाव विचारलं, आणि प्रत्येक वेळी "हो का" म्हणाली. मला वाटलं, जमलं. मी तर जाड पानाचं शास्त्रही सांगायला घेतलं. तिनं ते पूर्ण ऐकलं. मग चाफ्यावरच्या एका फुलाचं देठ बोटानं वर केलं.

"अन् धागा? धागा बी झाडालेच लागते का?"

मी हात पुढे करून धागा झाकायला गेलो.

"मी डावरी हावो," ती म्हणाली. "माई गाठ उलटी पडते. आमच्या घरात दुसऱ्या कोनाची तशी पडत नाही. काल फाटे ह्या जुड्या मी बांधल्या अन् अमरावतीले धाडल्या. हे पाय, ही वरची गाठ तुई, अन् ही खालची माई."

मी घाईत धागा सोडवायच्या ऐवजी तोडला होता, आणि तिच्या गाठी तशाच राहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या बाजारात मी तिच्याच टोपलीतली फुलं विकत घेतली होती. मुलीचे वडील तोवर आमच्यामागे येऊन उभे होते. त्यांनी एका गुलाबाला हात लावला. उन्हानं तो मान टाकत होता.

"आमची फुलं इथी सकाळपासून दुपारलोक टिकली नाही," ते म्हणाले. रागावून नाही. "पोरगी कशी टिकंल?"

त्यांना उत्तर हवं होतं. वर्षभर मी सगळ्यांना उत्तरं देत आलो होतो, मुंबईच्या माणसाला, पारावरच्या म्हाताऱ्यांना, मायला. त्या वेळी एकही सुचलं नाही. मान खाली घालून मी म्हणालो, "मले नाही मालूम."

आत्या वाळूकडे बघत होती. "हे कोनं आनली?"

"मी."

"किती गाड्या?"

"मोजल्या नाही."

ती ओट्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि वाकली. तिथं सावलीच्या बाजूला, मर्यादवेलीच्या पानांत, एक जांभळं फूल उमललं होतं. मला ठाऊकच नव्हतं. मी तिकडे गेलोच नव्हतो. बांधायला फांदी नाही म्हणून ती बाजू सोडली होती. आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग धागा बघायला म्हणून ते फूल हलकेच ओढलं. ते तुटून तिच्या हातात आलं. वर्षभराच्या बागेतलं एकमेव खरं फूल. तिनं देठ उलटसुलट करून पाहिलं, बोटानं चाचपलं, आणि पदराच्या टोकाला बांधलं.

पाहुणे गेले. महिना गेला, शिमगा गेला, निरोप नाही. मी बांधलेली फुलं उतरवली नव्हती, ती झाडांवरच वाळली. नारळ गेला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला हाक मारणं थांबवलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माय एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "लबाडी नसती केली तं बरं झालं असतं." ते खरं होतं.

मामा आला तो पाडव्याच्या सुमाराला. घोंगडीवर बसून त्यानं गूळ खाल्ला, पाणी प्यायला, आणि मला वाटलं मी त्याला धरून हलवणार.

"त्या म्हातारीनं घरी जाऊन सांगतलं," मामा म्हणाला, "पोट्टा लबाड हाय. पन लबाडी लय मेहनतीनं करते."

बाबा म्हणाले, "हे 'नाही' झालं का 'होय'?"

"ते पोरीले इचारलं. फुलाची अट पोरीनंच घातली होती. तिले खारपानात याचं नव्हतं, अन् इथी कोनी फूल लावत नाही, म्हून. आपोआप 'नाही' होऊन जाईन, बापाले दुखवा लागनार नाही." मामानं पुन्हा गुळाकडे हात नेला. मायनं डबा मागे ओढला. "आता पोरगी म्हनते, मले नाही म्हनाले दुसरं कारन सापडून नाही राहिलं."

लग्न वैशाखात झालं. पहिल्याच सकाळी तिनं विहिरीच्या पाण्याची चूळ भरली, माझ्याकडे बघून थुंकली, आणि कमरेला पदर खोचून नदीवर पाणी आणायला गेली. आता मला नातवंडं आहेत, नळाचं पाणीही आलं आहे. भांडण झालं की अजून मी तिला विचारतो, त्या वेळी 'नाही' काहून नाही म्हटलं? ती म्हणते, कारण अजून शोधून राहिली, सापडलं की सांगते.